महादूने घातलेलं पथ्य

धसईच्या पुढे एस.टी. जिथे वळण घेऊन माघारी फिरते, तिथून ओढा ओलांडून अर्धा तास चाललं की आमचं गाव. साठ घरांचं. तालुक्याच्या कचेरीत आमच्या गावाचं नाव सांगितलं तर कारकून दोनदा विचारतो. पण १९९५ च्या आसपास मुरबाड-शहापूर भागात कोणाचे डोळे पिवळे झाले, तर त्याला आमच्या गावाची वाट विचारावी लागत नसे. सांगणारे आपणहून सांगत. ते महादूमुळे.

महादू काविळीचं औषध देई. बापाकडून आलेली विद्या. डोंगराच्या कुठल्याशा खोबणीतून तो एक मुळी आणी, दगडावर उगाळी, आणि बुधवारी नाही तर रविवारी, सूर्य डोंगराआड असतानाच, ताकातून पाजी. पैसे घेत नसे. एक नारळ, तोही ज्याला जमेल त्याने. औषध पिऊन झालं की माणसाने उठून सरळ चालायला लागायचं, ‘येतो’ म्हणायचं नाही. आजाराला परत बोलावल्यासारखं होतं, असं तो सांगे.

पण महादूची खरी ख्याती होती पथ्याची. एकवीस दिवस तेल नाही, तिखट नाही, सुकट नाही, वांगं नाही, पालेभाजी नाही. सकाळी पेज, दुपारी पेज आणि वाफवलेले मूग. अंगणात वाकून बसलेल्या माणसाला तो हे एकेक बोट मोडून सांगे, आणि मग म्हणे, “औषध मुळीत नाय रं. औषध पथ्यात हाय. मुळी काय, ती डोंगरात कोणालाबी गावंल.”

धसईचा रघू एकदा अठराव्या दिवशी मेव्हण्याच्या लग्नात मटण जेवला. चार दिवसांनी पुन्हा पिवळा होऊन आला. महादूने त्याला पायरी चढू दिली नाही. रघू अंगणातूनच गयावया करू लागला, “काका, दोनच फोडी खाल्ल्या.”

“आन् रस्सा?”

“रस्सा कसा सोडणार, काका?”

“मंग जा. रश्शालाच सांग आता बरं करायला.”

ही गोष्ट पंचक्रोशीत सांगितली जाई आणि लोक हसत. महादूही हसे. पण त्याच्या हसण्यात एक ताठपणा होता. खाणं बांधून ठेवलं की रोग बांधला जातो, या गोष्टीवर त्याने आपलं सगळं आयुष्य उभं केलं होतं. वडिलांकडून आलेलं दोन एकर भात होतं, एक बैलजोडी होती, आणि हा मान होता. तिन्हींत मान मोठा.

त्याची बायको लक्ष्मी. अंगाने लहानखुरी, हसली की डोळे दिसेनासे होत. लक्ष्मीला ताटात हिरवं लागे. मटणाच्या जेवणालाही ती एका बाजूला चमचाभर भाजी घेऊन बसायची. मृग लागला की शेवळं, मग टाकळा, कुर्डू, भारंगी; रान आटोपलं की न्हाणीच्या पाण्यावर तिचा माठाचा वाफा बारा महिने असे. सांडपाण्याची एक चिंचोळी वाट तिने कुदळीने काढली होती. अंघोळ कोणाचीही होवो, पाणी जाणार तिच्या माठाला. घरी आलेली माणसं तिला चिडवीत, “लक्ष्मीबाय, तुमाला गाय पाळायची गरज नाय, तुमीच आर्धं रान खाताव.” ती म्हणे, “गायीसारकी तोंड खाली घालून खाते म्हणून तर तुमाला चहा मिळतो.”

लहानपणी तिला सांध्यांचा ताप आला होता. तो ताप गेला, पण जाताना तिच्या काळजाची एक झडप खराब करून गेला, हे कळायला पस्तीस वर्षं लागली. चढ चढताना तिला धाप लागे. मग सपाटीवर लागू लागली. मग आडवं पडलं तरी. १९९८ साली मुंबईच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात तिची छाती उघडून धातूची झडप बसवली. महादूने तिला घरी आणलं तेव्हा गावातल्या बाया तिच्या छातीला कान लावून जात. घड्याळासारखा बारीक टिकटिक आवाज येई.

त्या झडपेबरोबर एक गोळी आली, रोज संध्याकाळी सातला घ्यायची, जन्मभर. रक्त पातळ ठेवणारी. महिन्याला एकदा कल्याणला जाऊन रक्त तपासायचं. कागदावर एक आकडा येई. तो अडीच आणि साडेतीनच्या मध्ये राहिला पाहिजे. खाली आला तर झडपेवर रक्ताची गाठ बसणार, वर गेला तर रक्त वाहू लागलं की थांबणार नाही. गोळ्या देण्याचं काम सुनेकडे होतं. भूमिका तिचं नाव. दहावी शिकलेली, शांत मुलगी. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ती रोज गोळी दिली की पेन्सिलीने एक छोटी रेघ मारी. तिचा नवरा, महादूचा मुलगा अनिल, अंबरनाथला एका कारखान्यात कामाला होता. तिथेच खोली घेऊन राही, पंधरवड्याने घरी येई.

कल्याणच्या डॉक्टरीणबाईंकडे पहिल्यांदा गेले तेव्हा महादूने विचारलं होतं, “बाय, पथ्य काय?”

“वेगळं पथ्य नाही,” बाई म्हणाल्या. “रोज काय खाता?” लक्ष्मीने माठ, टाकळा, सगळं सांगितलं. “छान आहे. तेच खात राहा. रोज सारखंच. एक दिवस टोपलंभर आणि एक दिवस काहीच नाही, असं करू नका. तुम्ही जे खाता त्याच्यावर मी गोळीचं माप बसवणार आहे. खाणं बदललं तर माप चुकेल.”

हे वाक्य महादूने ऐकलं. स्वतःच्या कानांनी, समोर बसून. पुढे मला हे सांगताना तो याच जागी थांबे आणि म्हणे, “आयकलं व्हतं मी. नाय आयकलं असं नाय.”

पण ऐकलं तरी पटलं नव्हतं. ज्या औषधाला पथ्य नाही ते औषध कसलं? परतीच्या एस.टी.त तो तिकीट बोटांत चुरगाळत होता. लक्ष्मीने विचारलं तर म्हणाला, “मोठ्या डॉक्टरांचं कायतरी राहून जातं सांगायचं.”

अडीच वर्षं काही बिघडलं नाही. लक्ष्मी पुन्हा चढ चढू लागली. ओझं घेत नसे, पण बांधावर बसून लावणीवाल्या बायांना गाणी सुचवी. आकडा आपल्या जागी राही. महादूला त्यात आनंद होता आणि, त्याच्याच शब्दांत सांगायचं तर, थोडी कळही होती. घरातलं सगळ्यात मोठं आजारपण बरं झालं होतं, आणि त्यात त्याचा हात कुठेच नव्हता.

२००१ च्या जून महिन्यात खर्डीचा रूपेश आपल्या वडिलांना काविळीच्या औषधासाठी घेऊन आला. रूपेश शहापूरला औषधांच्या दुकानात कामाला होता. वडील ताक पीत असताना त्याची नजर खिडकीतल्या गोळ्यांच्या पाकिटावर गेली.

“ही गोळी कोण घेतं, काका?”

“आमची मंडळी. का रं?”

“काय नाय. ह्या गोळीला पालेभाजी आडवी येते ना, म्हणून म्हटलं. पाल्याने गोळीचा जोर उतरतो. काकी जास्त खात असतील तर डॉक्टरला एकदा विचारून घ्या.”

रूपेश आपल्या वडिलांना घेऊन, ‘येतो’ न म्हणता, निघून गेला. त्याच्या बोलण्यातला शेवटचा भाग त्याच्याबरोबरच गेला असावा, कारण महादूकडे तो राहिला नाही. महादूकडे एवढंच राहिलं, की पथ्य होतं. अडीच वर्षं लपून बसलेलं पथ्य आज सापडलं होतं, आणि ते त्याच्याच पथ्यासारखं निघालं.

त्या दिवसापासून त्याने लक्ष्मीला पालेभाजी बंद केली. आणि पथ्य अर्धवट कसं करायचं? तेलही बंद केलं, तिखट, सुकट, वांगं सगळं बंद. सकाळी पेज, दुपारी पेज आणि मूग. एकवीस दिवस. मग पुढचं बघू. न्हाणीच्या मागचा माठाचा वाफा त्याने स्वतः उपटला, तिला मोह नको म्हणून. उपटलेला माठ शेजारच्या हौसाला नेऊन दिला.

लक्ष्मी प्रथम हसली. “अवो, मला काय कावीळ झाली?”

“गप ऱ्हा. मी सांगतो ते कर.”

“बाय तर बोलली व्हती, तेच खा म्हणून.”

“बायला लोकांची गर्दी. तिला एकेकाचं कुठं ध्यानात ऱ्हातं? हा पोरगा दुकानात काम करतो, त्याने पाकीट बघून सांगितलं.”

लक्ष्मीने ऐकलं. तीस वर्षांच्या संसारात तिने त्याला लोकांना बरं करतानाच पाहिलं होतं. भूमिकेने एकदा चुलीपाशी हळूच विचारलं, “मामा, एकदा कल्याणला फोन करून विचारू का?” महादूने तिच्याकडे नुसतं बघितलं. तिने पेज हलवायला घेतली.

आषाढ लागला. रान हिरवंगार झालं. हौसा दुपारी टाकळ्याची जुडी घेऊन ओट्यावर निवडत बसे आणि लक्ष्मी तिच्याकडे बघत बसे. एकदा म्हणाली, “हौसा, निदान निवडू तर दे. वास तरी घेते.” तिची भूक मेली होती. पेजेचा अर्धा वाडगाही संपत नसे. त्यातच लावणी लागली. कल्याणला रक्त तपासायला जायची तारीख आली. ओढ्याला पाणी होतं, शेतात माणसं होती. महादू म्हणाला, “पुढच्या आठवड्यात जाऊ. आता तर पथ्य चालू हाय, काळजी कशाची?”

सतराव्या की अठराव्या दिवशी भूमिकेला लक्ष्मीच्या दंडावर निळा डाग दिसला. मग मांडीवर एक. “कुठं आपटलाव, आत्या?” लक्ष्मीला आठवेना. कुठेच आपटली नव्हती. सकाळी राखुंडीने दात घासताना चूळ लाल आली. भूमिका घाबरून महादूकडे गेली. महादू बैलांना पेंढा टाकत होता. त्याने येऊन बायकोचे दंड बघितले, हिरड्या बघितल्या, आणि जे बोलला ते वाक्य त्याला पुढे कधीच गिळता आलं नाही.

“पथ्य लागू पडलंय. अंगातली खराबी बाहेर येते. चांगलं लक्षण हाय.”

दोन दिवसांनी, सकाळी दहाच्या सुमाराला, लक्ष्मीच्या नाकातून रक्त आलं. ओट्यावर बसली होती, मूग निवडत. आधी थेंब, मग धार. डोक्यावर पाणी ओतलं, कांदा हुंगवला, मान वर केली. थांबेना. हौसाने आपलं लुगडं फाडून दिलं. अर्ध्या तासाने लक्ष्मीला उलटी झाली, तीही काळी, गिळलेल्या रक्ताची. तेव्हा कुठे महादू माणसं बोलवायला धावला. गावातल्या चौघांनी तिला खाटेसकट उचलून ओढ्यापलीकडे नेलं. तिथून दुधाच्या जीपने मुरबाड, मुरबाडहून कल्याण.

दवाखान्यात आकडा आला तो नऊच्या वर. नाकात बोळे घातले, इंजेक्शनं दिली, रक्ताच्या पिशव्या लावल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “अजून एखाद तास उशीर झाला असता, किंवा हाच रक्तस्राव डोक्यात झाला असता, तर मी काही करू शकले नसते.”

अनिल कामावरून तसाच धावत आला. तेल लागलेल्या कपड्यांत, आईच्या नाकातले बोळे बघून तो दारातच उभा राहिला. मग वळून बायकोकडे गेला.

“गोळ्या कोण देतं?”

“मीच देते.”

“दोनदा दिल्यास. दुसरं काय व्हणार? आकडा असा आपोआप वर जातो काय?”

“नाय हो, मी रोज रेघ मारते.”

“रेघ मारतेस. रेघेला काय अक्कल आसते?”

भूमिका रडू लागली. महादू तीन पावलांवर बाकावर बसला होता. टोपी गुडघ्यावर. त्याने ऐकलं. उठावं, म्हणावं, अनिल, पोरीचं काय नाय, असं त्याला वाटलं. नुसतं वाटलं. आधी लक्ष्मी वाचू दे, मग सांगू, असं त्याने स्वतःला सांगितलं. लक्ष्मी संध्याकाळपर्यंत वाचली. मग म्हणाला, उद्या सांगू.

आणि उद्या एक वेगळीच अडचण झाली. शेजारच्या खाटेवर शहापूरकडची सकुबाई होती, पायाच्या जखमेसाठी आलेली. तिने महादूला ओळखलं.

“अगो बाय, हे तर आमचे कावीळवाले बाबा. माझा अनंता वाचला तो ह्यांच्या हातून. सात वरसं झाली.” तिने समोरच्या खाटेवाल्यांना सांगितलं, नर्सला सांगितलं, चहावाल्यालाही सांगितलं. लोक येऊन बघून जाऊ लागले. एकजण आपल्या पुतण्याला कधी आणू विचारून गेला. सकुबाईने काय झालं ते विचारलं, आणि अनिलने ते सांगितल्यावर ती भूमिकेकडे वळली.

“येवढ्या जाणत्या माणसाच्या घरात ऱ्हातेस, आन् एक गोळी धड देता येत नाय? बाबा सगळ्या मुलखाला पथ्यपाणी सांगतात, नि त्यांच्याच मंडळीचे हे हाल. आताच्या पोरींचं ध्यान कुठं आसतं कोण जाणे.”

भूमिकेने मान खाली घातली. तिने एकदाच महादूकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. महादू म्हणे, राग असता तर बरं झालं असतं. ती पोर माझी वाट बघत होती.

त्याने खिडकीबाहेर बघितलं. दुसरा दिवस गेला. भूमिका रोज आत्याचे कपडे धुवी, पाणी पाजी, पाय दाबी, आणि मधेच स्वतःशी बोटं मोजी. शेवटी तिलाच वाटू लागलं, की कुठल्यातरी संध्याकाळी आपण विसरलो असू, पुन्हा दिली असू. हे तिने अनिलला सांगितलं तेव्हा महादू ऐकत होता. “मला वाटतं, त्या मंगळवारी माझ्या हातून झालं आसंल,” ती म्हणाली. मंगळवारी काहीच झालं नव्हतं. ज्याच्या हातून झालं होतं तो बाकावर बसून चहा पीत होता.

डॉक्टरीणबाईंनी अनिलकरवी घरातलं गोळ्यांचं पाकीट आणवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी राउंडला आल्या, पाकिटावरची तारीख पाहिली, खाटेच्या कडेवर बसून गोळ्या मोजल्या. दोनदा मोजल्या. कॅलेंडरचं पानही अनिलने फाडून आणलं होतं. त्यांनी रेघा मोजल्या.

“गोळ्या बरोबर आहेत,” बाई म्हणाल्या. “एकही कमी नाही, एकही जास्त नाही. हिची काही चूक नाही.”

अनिल खाली बघू लागला. भूमिकेने पदराने तोंड पुसलं. आता सगळं आपोआप मिटेल असं महादूला क्षणभर वाटलं. सून सुटली, बायको वाचली, आणि आपल्यावर काही आलं नाही.

“मग खाण्यात काही बदल झाला होता का?” बाईंनी भूमिकेला विचारलं. “पालेभाजी रोज खात होत्या ना, पहिल्यासारखी?”

सकुबाई भाकरी मोडता मोडता थांबून ऐकत होती. भूमिकेने महादूकडे पाहिलं नाही. जमिनीकडे बघत म्हणाली, “व्हय. पयल्यासारखीच.”

“काहीच बदल नाही?”

“नाय.”

महादूला कळलं, की ही आपलं नाव झाकते आहे. नुकतीच स्वतःच्या डोक्यावरून उतरलेली चूक कोणाच्याच डोक्यावर जाऊ नये म्हणून खोटं बोलते आहे. आणि तो गप्प राहिला असता. त्याने मला हे स्वच्छ सांगितलं: तेव्हाही मी गप्पच राहणार होतो.

पण बाईंनी पेन काढलं. “खाणं तेच, गोळी तीच, आणि आकडा इतका चढला. म्हणजे त्यांच्या शरीरालाच आता गोळी कमी लागते आहे. मी निम्मी करते.” लिहिता लिहिता त्या अनिलला समजावू लागल्या. “हे नीट सांभाळायचं. झडप धातूची आहे. माप कमी पडलं तर तिच्यावर गाठ बसते. ती गाठ सुटून डोक्यात गेली तर अर्धं अंग जातं, नाही तर माणूसच जातो. म्हणून घरी गेल्यावर खाणं आत्ता जसं होतं अगदी तसंच ठेवा. रोज भाजी चालू राहू दे.”

महादूच्या डोळ्यांसमोर उद्याचं घर आलं. लक्ष्मी घरी जाणार. तो पथ्य तोडणार, तोडायलाच हवं होतं. हौसा टाकळा आणणार. लक्ष्मी वीस दिवसांची भूक भागवणार, आणि गोळी निम्मी. पाल्याने गोळीचा जोर उतरतो, रूपेश म्हणाला होता. निम्म्या गोळीचा जोर उतरला की काय उरतं, हे हिशोब न येणाऱ्या माणसालाही कळलं असतं.

तो उठला. टोपी हातात होती.

“बाय, ती पोर खोटं बोलते.”

बाईंनी वर पाहिलं.

“खाणं बदललंय. मी बदललं. वीस दिवस हिला पालेभाजी दिली नाय. तेल नाय, काय नाय. पेजेवर ठेवली. माठ उपटून टाकला. निळे डाग आले तवा मी म्हटलं, खराबी बाहेर पडते. रगत तपासायला पण मीच नाय आणली.”

बाईंचं पेन थांबलं.

“मी तुम्हाला सांगितलं होतं ना? जे खातात तेच, रोज सारखं?”

“सांगितलं व्हतं.”

“मग?”

मला पथ्यावाचून औषध पटत नाही, मी लोकांना सांगतो आणि ते ऐकतात, मग मी कोणाचं ऐकायचं, हे सगळं त्याच्या छातीत होतं. पण तिथे, त्या खाटेपाशी, ते बोलण्यासारखं नव्हतं.

बाईंनी लिहिलेल्या ओळीवर आडवी रेघ मारली. “हे आत्ता सांगितलंत ते बरं केलंत. पाला बंद झाला म्हणून गोळीचा जोर चढला होता; मी उलटं माप देत होते. गोळी आधीचीच ठेवू. दोन दिवस थांबून, आकडा बघून चालू करू. घरी गेल्यावर एकदम ढीगभर भाजी द्यायची नाही. आधी जेवढी खात होत्या तेवढीच, रोज. आठ दिवसांत रक्त तपासायला आणा. आणि पुन्हा काही बंद करावंसं, काही नवीन द्यावंसं वाटलं, झाडपाला असो नाही तर दुसऱ्या डॉक्टरची गोळी, तर आधी इथे यायचं. विचारायला कमीपणा नसतो.”

त्या पुढच्या खाटेकडे गेल्या. ती खाट सकुबाईची. सकुबाई महादूकडे टक लावून बघत होती. बाईंनी जखम बघितली तरी तिचं लक्ष इकडेच. शेवटी तिने विचारलं, “बाबा, मंग माझ्या अनंताला वांगं चालतं का आता? सात वरसं मी त्याला दिलं नाय.”

“एकवीस दिवसच सांगितलं व्हतं मी,” महादू पुटपुटला.

“मला वाटलं, आपलं जास्त केलेलं बरं,” ती म्हणाली, आणि तोंड फिरवून भाकरी खाऊ लागली. पुतण्याला आणणारा माणूस त्या दिवसानंतर दिसला नाही.

अनिल उठला. बाहेर जाऊन दोन कप चहा घेऊन आला, एक भूमिकेच्या हातात दिला आणि तिच्याजवळ बसला. तिसरा कप त्याने आणला नव्हता.

लक्ष्मी आठवड्याने घरी आली. अशक्त होती, पण नाकाने श्वास घेत होती, आणि पहिल्या दुपारी हौसाने आणलेल्या टाकळ्यातून भूमिकेने तिला मोजून एक वाटी भाजी दिली. लक्ष्मीने ती भाताच्या प्रत्येक घासाला थोडी थोडी लावून पुरवली. महादू समोर बसला होता.

“मला कळलं सगळं,” ती म्हणाली. “बोळे नाकात व्हते, कानात नाय.”

“माझं चुकलं, लक्ष्मी.”

“पथ्याचं मी मनात नाय ठेवलं. तुमी माझ्या भल्यासाठी केलाव. तुमाला तेवढंच येतं.” तिने घास घेतला. “पण पोर तीन दिस रडत व्हती. तीन दिस तुमी तिथं बसून व्हताव.”

“सांगितलं ना शेवटी. सगळ्यांच्या समोर सांगितलं.”

“डॉक्टरीणबायला सांगितलाव. तिला नाय सांगितलाव.”

आमच्याकडे सासरा सुनेची माफी मागत नाही. तसा रिवाजच नाही, शब्दही नाहीत. तो काय बोलणार, आणि तिने ते ऐकताना कुठे बघायचं? महादू दिवसभर अंगणात उगाच काहीतरी करत राहिला. एक चांगली असलेली कुडाची काठी काढून पुन्हा लावली. सातला थोडा वेळ होता तेव्हा तो स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला. भूमिका तांदूळ धूत होती.

“भूमिका,” तो म्हणाला. “मी तवाच बोलायला पायजे व्हतं.”

तिने तांदळाचं पाणी ओतलं. दुसरं पाणी घेतलं, तेही ओतलं. मग हात पुसून उठली, फळीवरून गोळ्यांचं पाकीट काढलं आणि त्याच्यापुढे धरलं. आवाजात काहीच नव्हतं, ना राग, ना रुसवा.

“आजपासून आत्याची गोळी तुमी देत जावा, मामा.”

त्याने पाकीट घेतलं.

लक्ष्मी पुढे आठ वर्षं जगली. २००९ च्या हिवाळ्यात न्यूमोनियाने गेली. त्या महिन्यातही आकडा जागेवर होता. या आठ वर्षांत महादू दर महिन्याला तिच्याबरोबर कल्याणला गेला. बाई विचारत, आणि तो काय काय खाल्लं ते सांगे, किती वाट्या तेही. काविळीवाले येत राहिले, पहिल्यापेक्षा कमी. आता तो आधी विचारी, रक्त तपासलं का, आणखी कोणाची गोळी चालू आहे का. असेल तर औषध देत नसे, डॉक्टरकडे धाडी. काहींना राग येई. धसईचा रघू तर म्हणाला, काका आता डॉक्टरांचे एजंट झाले. महादू ऐकून घेई.

हे सगळं त्याने मला त्याच्या ओट्यावर बसून सांगितलं, लक्ष्मी गेल्याच्या दुसऱ्या वर्षी. आत भूमिकेच्या भांड्यांचा आवाज येत होता. तिने आम्हाला दोघांना चहा आणून दिला, मामा साखर बरोबर आहे का विचारलं, आणि गेली. सुनेच्या वागण्यात कधी काही उणं पडलं नाही, हे त्यानेच सांगितलं. गरम पाणी, वेळेवर जेवण, आजारपणात उशापाशी बसणं, सगळं.

“आठ वरसं रोज सातला मी गोळी दिली,” तो म्हणाला. “ताप आला तरी उठून दिली. ती तिथंच चुलीपाशी आसायची. एक दिस पण नाय बोलली, आणा मामा, आज मी देते.”